पॉइंट आणि स्थान

आमच्या गावाचे नाव कंसावाचून पूर्ण होत नाही. नुसते ‘कारंजा’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वाशीम जिल्ह्यातले, नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव असलेले कारंजा (लाड) उभे राहते. मग आम्हांला घाईघाईने ‘घाडगे’ जोडावे लागते, जिल्हा वर्धा असे सांगावे लागते, आणि तरीही समोरच्याचा चेहरा कोराच राहिला तर नागपूर–अमरावती महामार्गाचा आधार घ्यावा लागतो. या महामार्गावरून जाणाऱ्यांना आमचे गाव चहापुरते ठाऊक असते. क्वचित कोणी पाहुणा दोन दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेला प्रश्न येतो : इकडे पाहण्यासारखे काय आहे? आणि गावाचे उत्तरही ठरलेले असते : इकडे काही नाही, तुम्ही वर चिखलदऱ्याला जा.

या उत्तरातले ‘वर’ दुहेरी आहे. चिखलदरा उंचीने वर आहे, आणि विदर्भाच्या नकाशातही तो वरच्या कडेला, सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर आहे. त्याच्या पलीकडे मेळघाटचे अरण्य पसरलेले, आणि त्या अरण्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. विदर्भातल्या माणसाच्या कल्पनेतील दूरचा, रानटी, पाहण्याजोगा उत्तरप्रदेश तो हाच. आम्ही दोघेतिघे शिक्षक मित्र दिवाळीनंतरच्या थंडीत अनेक वर्षे तिकडे जात आलो आहोत. या प्रवासांत जे दिसले त्याची यादी देणे हा या लेखाचा एक हेतू आहे. पण यादी करता करता ‘पाहण्यासारखे’ या शब्दाविषयीच जे प्रश्न पडत गेले, ते मांडणे हा अधिक मोठा हेतू आहे. साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींना ते अगदीच परके वाटू नयेत.

कारंज्याहून निघाले की तळेगाव (श्यामजीपंत), मग आष्टी, मग वर्धा नदी. संत्र्याच्या बागा दोन्ही बाजूंना सोबत करतात. आष्टी ओलांडताना १६ ऑगस्ट १९४२ ची आठवण कोणीतरी काढतोच. सिंभोऱ्याजवळ वर्धेवर मोठे धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात. मोर्शी जवळ येऊ लागली की उत्तरेला सातपुड्याची निळसर भिंत दिसू लागते. ‘भिंत’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरत नाही. बेसाल्टची ही रांग दक्षिणेच्या बाजूने एकदम उठते आणि उत्तरेच्या बाजूला घड्या घालीत तापीच्या खोऱ्यात उतरते. त्यामुळे वऱ्हाडच्या मैदानातून पाहणाऱ्याला ती पर्वतापेक्षा कोणीतरी घातलेल्या आवारासारखी वाटते.

याच वाटेवर, मोर्शी आणि चांदूर बाजार यांच्या दरम्यान, या प्रदेशातली एक मोठी नैसर्गिक खूण आहे आणि ती कोणालाही दिसत नाही. मोर्शीकडचे पावसाचे पाणी वर्धेला मिळते, वर्धेतून प्राणहितेला, तिथून गोदावरीला आणि अखेर बंगालच्या उपसागराला. चांदूर बाजारकडचे पाणी पूर्णेला मिळते, पूर्णेतून तापीला आणि अखेर अरबी समुद्राला. कापसाच्या आणि तुरीच्या सपाट शेतांमधून कुठेतरी हा जलविभाजक जातो. गंमत अशी की वर्धा आणि तापी या दोघींचा उगम एकाच मुलताई परिसरातला. एकाच माहेरच्या या दोन लेकी दोन दिशांना नांदायला गेल्या. इथे पाटी नाही, कठडा नाही, थांबून छायाचित्र काढावे असे काही नाही. अर्धा भारत दोन समुद्रांत वाटून देणारी ही रेषा पर्यटनाच्या कोणत्याही पत्रकात नसते. कारण पाहण्यासारखे असण्यासाठी आधी दिसावे लागते, अशी आपली समजूत आहे.

ही समजूत मराठी भाषेला मुळापासून होती का, हा प्रश्न याच वाटेवर सुचतो. कारण त्या अदृश्य रेषेच्या आसपासच रिद्धपूर आहे. मराठी गद्याचा आरंभ शिकवताना ज्या गावाचे नाव आम्ही फळ्यावर लिहितो, ते हे गाव. गोविंदप्रभूंचे हे वास्तव्यस्थान. चक्रधरस्वामींच्या आठवणी माहिंभट्टांनी माणसे शोधून, विचारून, पडताळून गोळा केल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठी भाषा विद्यापीठही आता इथेच उभे राहिले आहे. आम्ही प्रत्येक खेपेला इथे थांबतो, ते मात्र लीळाचरित्रापेक्षा दुसऱ्या एका, वर्गात फारशा न उघडल्या जाणाऱ्या ग्रंथासाठी. तो ग्रंथ म्हणजे ‘स्थानपोथी’.

स्थानपोथी ही स्थळांची यादी आहे. चक्रधर जिथे जिथे गेले, ती गावे आणि त्या गावांतल्या जागा तिच्यात क्रमाने नोंदल्या आहेत : गावाच्या कोणत्या दिशेला, देऊळ कोणत्या मुखाचे, त्यात नेमके कोठे. आजच्या भाषेत सांगायचे तर ती मराठीतील पहिल्या मार्गदर्शिकांपैकी एक होय. पण ती काय नोंदते ते पाहावे. स्वामी जिथे दीर्घकाळ राहिले ते अवस्थान. जिथे रात्र काढली ते वसतीचे स्थान. जिथे बसले ते आसन. जिथे जेवले, जिथे झोपले, जिथे फिरले, इतकेच नव्हे तर जिथे परिश्रयास म्हणजे लघुशंकेस गेले, तीही जागा. तिथून काय दिसते, हा प्रश्न पोथीला पडत नाही. डोंगराचे सौंदर्य, दरीची खोली, सूर्यास्ताचे रंग यांविषयी ती मूक आहे. तिचा प्रश्न एकच : इथे कोण होते, आणि किती वेळ होते?

अशा जागांवर पुढे महानुभावांनी ओटे बांधले. मूर्ती नाही, शिखराचा हट्ट नाही. एक साधा ओटा, आणि त्याला वंदन. ओटा पाहिल्यावर डोळ्यांना काही मिळत नाही. तो एवढेच सांगतो की इथे एक माणूस टेकला होता.

मोर्शीच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या सीमेवर, सालबर्डी आहे. लीळाचरित्राच्या ‘एकांका’नुसार रिद्धपुरात गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर चक्रधर सालबर्डीच्या डोंगरात गेले आणि बारा वर्षे तिथे राहिले. बारा वर्षे! माडू नदीचा खळाळ, कोरीव लेणी, गुहेतला महादेव, उन्हाने तापलेला खडक, सागाची पानगळ. आज सालबर्डीला जाणारा प्रवासी दोन तासांत हे सारे ‘करून’ परततो. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो ते आडदिवशी. पात्राजवळच्या एका दगडावर बराच वेळ बसून राहिलो आणि लक्षात आले की जागा पाहून संपते, पण जागेवर बसणे संपत नाही. पहिल्या घटकेत दिसलेला डोंगर तिसऱ्या घटकेत तोच राहत नाही. बारा वर्षांत तो काय होत असेल, याची कल्पना करण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.

अशा मनःस्थितीत परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला पोहोचले की एकदम दुसऱ्या भाषेत शिरल्यासारखे वाटते. ही भाषा ‘पॉइंट’ची. १८२३ च्या सुमारास कंपनीच्या काळातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना या पठाराची थंड हवा गवसली आणि साऱ्या हिलस्टेशनांवर घडले तेच इथे घडले. कड्यांना नावे मिळाली : हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट. पुढे त्याच साच्यात देवी पॉइंट, मोझरी पॉइंट आले. पॉइंट म्हणजे अशी जागा, जिचे स्वतःचे मोल शून्य आणि जिथून दिसणाऱ्याचे मोल सर्व काही. माणूस तिथे जातो, कठड्याला टेकतो, समोर पाहतो आणि पुढच्या पॉइंटकडे निघतो. समोरच्या दरीत तो उतरत नाही. उतरणे हा पॉइंटचा हेतूच नव्हे. प्रदेश खाली आणि आपण वर, ही मांडणी जिंकणाऱ्याची असते. गाविलगडाच्या बुरुजावरून हे अधिक स्पष्ट दिसते. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानाने बांधलेला हा किल्ला, शार्दूल दरवाजावरच्या गंडभेरुंडासह, १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. इंग्रज कादंबरीकार बर्नार्ड कॉर्नवेल यांची ‘शार्प्स फोर्ट्रेस’ (१९९८) ही कादंबरी याच वेढ्यावर आहे. म्हणजे गाविलगडाची कथा जगाला माहीत आहे. फक्त ती दरीपलीकडून, तोफेच्या बाजूने सांगितलेली आहे.

तथापि पॉइंटची थट्टा करून मोकळे होण्याचा आमचा विचार नाही. भीमकुंडाच्या काठावर उभे राहून खालच्या काळ्या कातळात पाणी कोसळताना ज्याने पाहिले आहे, तो दृष्टिसुखाला कमी लेखणार नाही. शिवाय इथल्या काही नावांनी हा साचा मोडलाही आहे. पंचबोल घ्या. साद घालावी आणि समोरच्या डोंगरांनी ती फिरून फिरून परत द्यावी, अशी ही दरी. प्रतिध्वनीच्या जागेला कोणी ‘इको पॉइंट’ म्हणून मोकळा झाला असता. इथे कोणा अनामिकाने ‘पंचबोल’ म्हटले. या नावात पाहणारा नाही. बोलणारा आहे आणि बोलणारे डोंगरही आहेत. भीमकुंडाचेही तसेच. कीचकाला मारून भीमाने इथे हात धुतले, कीचकाचा दरा म्हणून चिखलदरा, विराटाचे म्हणून वैराट, ही लोकव्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरो न उतरो. पण तिच्यामागची वृत्ती स्थानपोथीचीच आहे. कुंड सुंदर आहे एवढ्याने लोकांचे समाधान झाले नाही. इथे कोणीतरी येऊन गेले असले पाहिजे, असे त्यांना वाटले.

चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे उतरू लागले की आणखी एक, तिसरी भाषा सुरू होते, आणि ती मराठीही नाही, इंग्रजीही नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या बहिणी दूर पूर्वेला, झारखंडाकडे. ‘कोर’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. सेमाडोह आणि कोलकास इथून वाहणारी नदी सिपना. कोरकूत सिपना म्हणजे साग. सागाच्या रानातून जाणाऱ्या नदीला साग म्हणावे, यात उपमा नाही, पुराण नाही, दृश्यही नाही. नदी आणि झाड यांना एकमेकांपासून वेगळे न काढणारा सहवास आहे. हिवाळ्यातल्या सकाळी कोलकासजवळ सिपनेच्या पात्रावर धुके असते, वाळूवर सांबरांचे खूर उमटलेले असतात, आणि गळालेल्या सागपानावर कोणाचेही पाऊल पडले तरी ते साऱ्या रानाला कळते. मेळघाटात खंडू, खापरा, गडगा, डोलार अशा आणखीही नद्या आहेत. साऱ्या तापीच्या लेकी. या नावांचे अर्थ ज्यांना आतून कळतात त्यांना कोणी मार्गदर्शिका लिहायला सांगितली, तर तिच्यात कोणत्या जागा येतील, याचे कुतूहल आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

हे कुतूहल निरागस राहू शकत नाही. मेळघाट १९७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत गणला गेला. १९९३ पासून तेच नाव बालमृत्यू आणि कुपोषण यांच्या बातम्यांत येऊ लागले. पर्यटनाच्या पुरवणीतला मेळघाट आणि पहिल्या पानावरचा मेळघाट हे दोन वेगळे प्रदेश असावेत, अशा रीतीने आपण ते वाचत आलो. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे अभयारण्यातून उठवून बाहेर, अकोटकडे वसवली गेली. पुढच्या दशकात वैराट, चुर्णी यांसारखी आणखी गावे उठली. उठलेल्या गावांच्या जागी गवत माजले, गवतावर गवे आणि सांबरे आली, त्यांच्यामागे वाघ आला. वन्यजीवांच्या दृष्टीने हे यश आहे, आणि ते आम्ही नाकारत नाही. परंतु जानेवारी २०१९ मध्ये बाहेर वसवलेली काही माणसे आपल्या जुन्या गावठाणांकडे परतली आणि वनकर्मचारी व गावकरी यांच्यात संघर्ष झाला, हेही त्याच यशाच्या नोंदीत यायला हवे. आज वैराटच्या बाजूला सफारीत जाणारा पाहुणा गवताळ मैदान पाहतो आणि ‘किती अस्पर्श निसर्ग!’ म्हणतो. तिथे चुली होत्या. पॉइंटवरून पाहणाऱ्याला हे कळण्याची सोय नाही, कारण पॉइंट फक्त काय आहे ते दाखवतो. कोण होते हे विचारण्यासाठी स्थानपोथीची रीत लागते.

सूचीत नसणे म्हणजे नसणे नव्हे, हा धडा मेळघाटने पक्षिशास्त्रालाही दिला आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८७३ मध्ये शास्त्रीय नोंदीत आला आणि काही वर्षांतच नोंदींतून नाहीसा झाला. शंभराहून अधिक वर्षे तो संपला असेच मानले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही. पक्षी त्याच्या जागीच होता. आपली नजर गेली नव्हती. मारुती चितमपल्ली यांचे मोठेपण आम्हांला इथे जाणवते. वनाधिकारी म्हणून त्यांचा बराच काळ विदर्भाच्या रानांत गेला, मेळघाटातही गेला, आणि त्यांनी रानाचे वर्णन करण्यापूर्वी रानातल्या माणसांकडून शब्द वेचले. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जून २०२५ मध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांचे लेखन वर्गात ‘निसर्गवर्णनाचा नमुना’ म्हणून वाचले जाते. आमच्या मते ते वर्णन नव्हे, अवस्थान आहे : राहिलेल्या माणसाने राहिलेल्या जागेविषयी लिहिलेले.

आता परत आमच्या कंसातल्या गावाकडे, जिथे पाहण्यासारखे काही नाही. कारंज्याच्या आसपास टेकड्या आहेत, सागाचे विरळ रान आहे, कार नदी आहे, हेटीकुंडीला गवळाऊ गाईंचे शासकीय पैदास क्षेत्र आहे. दक्षिण-पूर्वेला सेलू तालुक्याच्या बाजूस बोरचे अरण्य : १९७० पासून अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प, आणि घोषणेच्या वेळी सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा, देशातला सर्वांत लहान. एवढ्याशा रानात वाघ मावत नाही. तो बाहेर पडतो, आणि बाहेर आम्ही असतो.

जुलै २०१७ च्या अखेरीस ब्रह्मपुरीकडची एक तरुण वाघीण, गळ्यात रेडिओ कॉलर घालून, बोरमध्ये सोडण्यात आली. ती तिथे थांबली नाही. अडीच महिने ती शेकडो किलोमीटर फिरत राहिली : शेते, नाले, पडीत, रान. या काळात तिच्या हल्ल्यांत माणसेही मृत्युमुखी पडली. तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तालुक्यातल्या गावांनी संध्याकाळी लवकर कड्या लावल्या, शेतात जागलीला जाणे बंद पडले. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी सिंदीविहिरीच्या शिवारात, पिकाच्या राखणीसाठी वीजप्रवाह सोडलेल्या तारेला लागून ती मेली. सिंदीविहिरी आमच्या कारंजा तालुक्यातच आहे.

तिच्या गळ्यातल्या कॉलरने तिच्या मुक्कामांच्या नोंदी ठेवल्या होत्या. कुठे ती रात्रभर थांबली, कुठून झपाट्याने निघाली, हे अंशकलांच्या आकड्यांत लिहिले गेले. त्या नोंदींचा विचार करताना आम्हांला राहून राहून स्थानपोथी आठवते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तर रचना तीच आहे : अवस्थान, वसती, विहरण. आणि शेवटचे स्थान सिंदीविहिरी. ज्या तालुक्यात काही नाही असे आम्ही पाहुण्यांना सांगतो, तो तालुका एका वाघिणीने इंचाइंचाने पारखला, आणि तिथेच तिची यादी संपली. ज्यांची माणसे गेली त्यांच्याकडेही आपापली एक यादी आहे, दोनच ओळींची का असेना : या बांधावर, अमुक दिवशी. या दोन याद्या एकमेकींना छेद देतात. त्यांतली एकच वाचणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही आहे.

म्हणून अलीकडे प्रवासवर्णन शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक काम देतो. ‘माझ्या गावातील प्रेक्षणीय स्थळे’ हा निबंध लिहायचा नाही. गावाच्या पाच जागांची स्थानपोथी लिहायची. दिशा सांगायची, खूण सांगायची, आणि तिथे कोण, किती काळ, कशासाठी थांबत होते ते लिहायचे. विशेषणे शक्यतो टाळायची. आलेल्या वह्यांत आम्हांला जे वाचायला मिळाले ते कोणत्याही पत्रकात मिळाले नसते. गावाच्या उत्तरेला गुरे जमवायची आखर, जिथे एका मुलीचे आजोबा गवळाऊ गाई घेऊन पहाटे उभे राहत. दरवर्षी उन्हाळ्यात उंट आणि मेंढ्या घेऊन येणाऱ्या गुजरातेतल्या रबाऱ्यांचा तळ ज्या पडीत शेतात पडतो ते शेत. एका मोहाच्या झाडाखालची जमीन, जी फुले वेचण्यापूर्वी आई झाडून घेते. सिंदीविहिरीकडच्या एका मुलाने शेताचा एक धुरा नोंदवला होता आणि पुढे केवळ ‘इथे वाघीण मेली, तेव्हा मी चौथीत होतो’ एवढेच लिहिले होते. त्याला आम्ही गुण किती द्यावेत याचा निर्णय अवघड गेला. शेवटी पूर्ण दिले.

मेळघाटला जावे, जरूर जावे. भीमकुंडाचे पाणी श्रावणात पाहावे, पंचबोलला साद घालावी, सिपनेचे धुके हिवाळ्यात पाहावे, सालबर्डीला आडदिवशी जाऊन बसावे, रिद्धपूरच्या ओट्यांपाशी थांबावे. एवढेच सुचवावेसे वाटते की जाताना पॉइंटांच्या यादीखाली एक कोरी जागा ठेवावी, आणि परतताना ती तिथल्या कोणा माणसाला विचारून भरावी. कोरकू येत नसेल तर थोडा वेळ लागेल. लागू द्यावा.